पदकाच्या कडेवरचा आकडा : साताऱ्याकडचा ‘बसऱ्याचा बिल्ला’ कसा वाचायचा

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत पहिल्या महायुद्धाचा एखादा बिल्ला ट्रंकेच्या तळाशी हमखास सापडतो. त्याची गोष्ट घरात फार मोठी नसते. पणजोबा पलटणीत होते, फ्रान्सला लढले, इंग्रजानं मेडल दिलं, संपलं. यातलं फ्रान्स बहुतेक वेळा चुकीचं निघतं. सहाच्या सहा मराठा पलटणी, म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७, त्या युद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये होत्या. फ्रान्सला गेलेला सातारकर अशक्य नाही, पण तो बहुधा खडकीच्या सॅपर्समधला, म्हणजे पूल-खंदक बांधणाऱ्या तुकड्यांतला असतो. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला होत्या. पायदळातला माणूस असेल तर आधी बसरा, म्हणजे इराकचं बंदर, धरून चालायचं.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं निराशा कमी होईल. पहिल्या महायुद्धातल्या साध्या हिंदी शिपायाची स्वतःची फाइल आज बहुतेक वेळा हाती लागत नाही. पंजाबच्या वीस जिल्ह्यांच्या नोंदवह्या लाहोरला सापडल्या आणि आता इंटरनेटवर आहेत, पण त्यात सातारा नाही. पलटणीचा माग मात्र तारखेनिशी लागतो. म्हणून शोध माणसाचा घेण्याआधी पलटणीचा घ्यायचा, आणि पलटण कळते ती पदकाच्या कडेवरून.

चांदीचं गोल पदक, एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ हे आकडे : हे ब्रिटिश वॉर मेडल. व्यास ३६ मिलिमीटर. फितीच्या मधोमध केशरी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा, काळा आणि कडेला निळा. हेच पदक पितळेसारखं तांबूस दिसत असेल तर ते ब्राँझचं आहे आणि तो माणूस लढाऊ शिपाई नव्हता. कामगार तुकड्यांतली आणि ‘फॉलोअर’, म्हणजे फौजेबरोबरचे नोकर म्हणून गेलेली माणसं यांना ते मिळालं. दुसरं, पंख असलेल्या स्त्रीचं ब्राँझ पदक म्हणजे व्हिक्टरी मेडल, त्याची फीत इंद्रधनुषी. तिसरा प्रकार चांदणीचा : ब्राँझची चांदणी, त्यावर आडव्या तलवारी, मध्ये १९१४-१५. ही असेल तर मोठं काम झालं, कारण ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत प्रत्यक्ष युद्धभूमीवर पोहोचलेल्यांनाच ती मिळाली. चांदणीवर नुसतं १९१४ असेल तर मात्र फ्रान्स-बेल्जियम पक्कं; ती दुसरीकडच्या लढाईसाठी दिलीच नाही.

गोल पदकांवर नाव असतं ते कडेवर, चांदणीवर पाठीमागच्या सपाट भागावर. क्रम ठरलेला : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. अक्षरं उथळ असतात आणि तीच घासून जातात. दसऱ्याला शस्त्रपूजेत हा बिल्ला चिंच, राख नाहीतर ब्रासो लावून लख्ख करण्याची जी रीत काही घरांत आहे, तिनं पदकाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं ट्रंकेतल्या ओलीनं केलेलं नाही. राजाचं डोकं चमकतं आणि पणजोबांचं नाव जातं. पदक काळं पडलं असेल तर पडू द्या. धूळ मऊ सुती फडक्यानं पुसायची, बस्स.

वाचायचं कसं? खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पदकाच्या समोरून न धरता कडेला अगदी आडवा टेकवा आणि पदक हळूहळू फिरवा. उथळ खाचेत सावली पडते, अक्षर उठून दिसतं. दुसऱ्या फोनवर जवळून फोटो काढत राहा, एका फेरीचे आठ-दहा तरी. तरीही जमलं नाही तर पतंगाचा कागद कडेवर घट्ट गुंडाळून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवायची. नंबरातले ३ आणि ८, १ आणि ७ यांचा घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून दोन्ही शक्यता लिहून ठेवा. आणि पदक सोनाराकडे ‘साफ करायला’ नेऊ नका. चांदीचा भाव वर गेला की ही पदकं वितळली जातात, आजवर पुष्कळ वितळलीही.

घरात एखादी मोठी ब्राँझची तबकडी असते, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, ब्रिटानिया आणि सिंह असलेली. ती युद्धात मेलेल्याच्या वारसांना दिली जायची. तिच्यावर नाव उठावाच्या अक्षरांत असतं, पण हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही. मेलेल्यांत उच्चनीच नको म्हणून मुद्दामच ठेवलं नाही. हेतू चांगला होता, पण शोधणाऱ्याला या तबकडीवरून माणूस युद्धात मेला एवढंच कळतं. तिच्याबरोबर आलेला कागद, पेन्शनबुक किंवा जंगी इनामाचं एखादं पत्र राहिलं असेल तर पलटणीचा आकडा त्यावर शोधा.

आता आकड्याकडे. शिपायाचा नंबर पलटणीपुरताच असायचा, सगळ्या फौजेत एक असा नव्हे. त्यामुळं १०३ मध्येही एखादा २१४५ असेल आणि ११० मध्येही. पलटणीशिवाय नंबर कुचकामी. शिवाय १९२२ साली या सहाही पलटणी एकत्र करून ५वी मराठा लाइट इन्फंट्री केली आणि आकडे बदलले. १०३ ची १ली बटालियन झाली (जंगी पलटण), १०५ ची २री (काळी पाचवी), ११० ची ३री, ११६ ची ४थी, ११७ ची ५वी रॉयल, आणि ११४ ची १०वी म्हणजे बेळगावची शिकाऊ बटालियन. लिहिताना बटालियन वर, रेजिमेंट खाली. म्हणून १९२२ नंतरच्या कागदावर ३/५ दिसलं तर ती जुनी ११०, आणि ५/५ दिसलं तर जुनी ११७. युद्धाच्या उत्तरार्धातल्या कागदांवर मात्र २/११० असं येऊ शकतं, त्याचा अर्थ ११० ची दुसरी बटालियन. या दोन पद्धतींची गल्लत करून ‘पणजोबा पाचव्या पलटणीत होते’ असं छापलेल्या स्मरणिका कमी नाहीत.

मराठा आडनाव म्हणजे मराठा पलटण, हेही गृहीत धरू नका. सॅपर्स, पायोनियर, खच्चरांच्या तुकड्या सगळीकडे आपली माणसं होती. आणि मराठा पलटणींत दखनी मुसलमानही भरती व्हायचे. महार कुटुंबांनी १११व्या महार पलटणीचाही विचार करावा. ती १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली, त्यामुळं तिचा पुढचा वारस नाही आणि लोक ती शोधायलाच विसरतात. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, वेगळी.

समजा आकडा १०३, ११० किंवा ११७ निघाला आणि सोबत १९१४-१५ ची चांदणी आहे. मग माणूस सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर होता असं जवळजवळ धरायला हरकत नाही. ११७ सोळाव्या ब्रिगेडमध्ये, १०३ सतराव्या, ११० अठराव्या. प्रत्येक पलटण साधारण साडेसातशे माणसांची. सोळावी ब्रिगेड ६ नोव्हेंबर १९१४ ला फावला उतरली, त्याच महिन्यात बसरा पडलं. ११० डिसेंबरात कुर्नाला लढली, तिथं तैग्रिस आणि युफ्रेटिस एकमेकींना मिळतात. एप्रिल १९१५ मध्ये १२ ते १४ तारखेला शैबाची लढाई झाली.

३१ मे १९१५ चा कुर्नाच्या वरचा हल्ला थोडा थांबून बघण्यासारखा आहे. पुरानं सगळा मुलूख पाण्याखाली होता, तुर्कांची ठाणी टेकड्यांच्या बेटांवर. १०३ ज्या सतराव्या ब्रिगेडमध्ये होती, ती ब्रिगेड ‘बेलम’ नावाच्या अरुंद अरबी होड्यांत बसून या बेटांवर चालून गेली. होडी पुढं न्यायची ती लांब दांडा तळाला रेटून, आणि हे शिपायांना आधी शिकवावं लागलं. गोळीपासून आडोसा म्हणून काही होड्यांना पुढं लोखंडी पत्रे ठोकले होते. त्यांच्या वजनानं होडी लव्हाळ्यात अडकायची, मग पाण्यात उतरून ढकलायची. घरात ‘पणजोबा होडीतून लढले’ अशी काही दंतकथा असेल तर हसण्यावारी नेऊ नका, ही तारीख तपासा.

त्यानंतर तैग्रिसकाठचं कूत (२८ सप्टेंबर १९१५) आणि बगदादच्या अलीकडं टेसिफॉन, ज्याला तिथले लोक सलमान पाक म्हणतात. २२ ते २५ नोव्हेंबर १९१५. सहाव्या डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड, त्याच्या फौजेचे तिथं सुमारे ४,६०० मेले किंवा जखमी झाले. जखमींना नदीपर्यंत आणायला स्प्रिंग नसलेल्या दोनचाकी खच्चरगाड्या होत्या; मोडलेल्या पायाच्या माणसाला त्यात घालून मैलोन्‌मैल दचके देत आणलं. मेसोपोटेमियातल्या पहिल्या दोन वर्षांत जखमेपेक्षा वाहतुकीनं आणि व्यवस्थेच्या अभावानं किती माणसं गेली, यावर इंग्रज सरकारला पुढं चौकशी आयोग नेमावा लागला.

फौज माघारी कूतला आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. दोन्ही दिवस धरून १४५ दिवस. या वेढ्याचं आपल्याकडं फक्त ‘उपाशी राहिले’ एवढंच सांगितलं जातं, पण उपासमारीचे दोन प्रकार झाले आणि ते पाहण्यासारखे आहेत. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळं बेरीबेरी झाला. हिंदी शिपाई जवाचं कोंड्यासकट पीठ आणि डाळ खात होते, त्यांना तो फारसा झाला नाही. पण ताजी भाजी नाही, आणि घोड्याचं मांस धर्मामुळं बराच काळ नाकारलं, त्यामुळं त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजणं, दात हलणं, जुन्या जखमा पुन्हा उघडणं. घोड्याचं मांस खायला हरकत नाही असे निरोप हिंदुस्थानातून मागवले गेले. तरी बहुसंख्य तयार झाले ते एप्रिलमध्ये, तेव्हा उशीर झाला होता. विमानातून धान्याच्या गोण्या टाकण्याचा प्रयोगही झाला, तेवढ्यानं हजारोंचं पोट भरणार नव्हतं.

शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांत फॉलोअरही होते. पहिल्याच दिवसांत तुर्की फौजेची दगडासारखी बिस्किटं रिकाम्या पोटी खाऊन कितीतरी जण आतड्याच्या आजारानं गेले. मग बगदाद, सामर्रा, मोसूल असा बहुतांश पायी प्रवास, आणि पुढं सीरियातल्या रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर. अधिकाऱ्यांना वेगळं नेलं, म्हणून त्यांनी लिहिलेल्या आठवणींत शिपायांचं पुढं काय झालं ते फार थोडं येतं.

हे सगळं माहीत असलं की मृत्यूची नुसती तारीख बोलू लागते. १०३ चा माणूस २२ नोव्हेंबर १९१५ ला गेला तर टेसिफॉन. फेब्रुवारी १९१६ मध्ये गेला तर वेढा. पण इथं एक फट आहे : मागून पाठवलेल्या ज्या तुकड्या कूतपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत, त्या मदतीला निघालेल्या फौजेत लढल्या. म्हणून २१ जानेवारी किंवा ८ मार्च १९१६ अशी तारीख असेल तर अनुक्रमे हन्ना आणि दुजैला या लढायाही तपासायच्या. मे १९१६ नंतरची तारीख म्हणजे बहुधा कैद. आणि १९१७-१८ ची तारीख असेल तर कैदेबरोबरच नव्यानं उभारलेली पलटणही शक्य, कारण शरण गेलेल्या पलटणी हिंदुस्थानात पुन्हा बांधल्या गेल्या. नाव तेच, माणसं दुसरी.

बाकीच्या तिघींचं थोडक्यात. १०५ तिसऱ्या लाहोर डिव्हिजनबरोबर आधी मेसोपोटेमियात, मग १९१८ मध्ये पॅलेस्टाइनला. ११६ अठराव्या डिव्हिजनमध्ये. ११४ सतराव्या डिव्हिजनमध्ये. युद्ध संपता संपता, २८ ते ३० ऑक्टोबर १९१८ ला शर्कतला तिनं शौर्यपदकांची रांगच लावली. बिल्ल्यावर ‘इराक’ अशी पट्टी असेल तर ती या युद्धाची नव्हे, १९२० च्या तिथल्या उठावाची.

माणूस युद्धात मेला असेल तर युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतो. जिवंत परत आला असेल तर तिथं तो नसणारच. ‘नाव सापडत नाही’ म्हणून हळहळणाऱ्या निम्म्या लोकांचा घोटाळा इथंच होतो. शोधताना आडनावाच्या रकान्यात नुसतं आडनाव टाकून भागत नाही. हिंदी शिपायांची नावं पुष्कळदा अख्खीच्या अख्खी आडनावाच्या रकान्यात बसवलेली आहेत, म्हणजे ‘रामा शिंदे’ हे सगळंच आडनाव. म्हणून आधी पहिलं नाव टाकून पाहा. पवारचं पोवार, जाधवचं जाधो, घोरपडेचं काहीही झालेलं असतं. त्यापेक्षा नाव रिकामं ठेवा, पलटण आणि पहिलं महायुद्ध निवडा, सगळी यादी उतरवून घ्या आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गाव शोधा. तिथं अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा, मुंबई इलाखा असं पुष्कळदा मिळतं. वडिलांचं नाव जुळलं की काम झालं.

सांगलीकरांनी इथं ‘सांगली’ शोधू नये. तेव्हा सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती आणि वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे विट्याजवळचा शिपाई कागदोपत्री साताऱ्याचाच. आटपाडीकडचा असेल तर औंध संस्थान बघा. फलटणचं संस्थान वेगळं.

नाव सापडलं की स्मारकाचं नाव दिसतं, बहुधा बसरा मेमोरियल. त्यावर चाळीस हजारांहून जास्त माणसांचं स्मरण आहे, पण कोरलेली नावं बघायची तर हिंदी अधिकाऱ्यांची मिळतात. साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीच्या नावाखाली ‘इतर इतके’ असा आकडा टाकला आणि नावं वहीत ठेवली. गोऱ्या शिपायांची नावं मात्र कोरली. कमिशननं २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. माफी शंभर वर्षांनी आली, दगडावर आकडा तसाच आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव शोधायला जाणाऱ्यांनाही सांगायला हवं : तिथं तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि अफगाण युद्धात गेलेल्यांची. कूतला मेलेला तिथं सापडायचा नाही.

गावातल्या शिळांचंही तेच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण त्या युद्धात गेले, ही नोंद सगळ्यांना ठाऊक आहे. त्या काळच्या गावोगावच्या पाट्यांचा मजकूर ठरलेला असायचा : या गावातून इतके गेले, इतके पडले. नावं नाहीत. ज्या गावात पाटी आहे तिथल्या लोकांनी कमिशनच्या यादीतून गावाच्या नावानं शोधून आकड्यामागची नावं काढायला हवीत. थोडं चिकाटीचं काम आहे, पण जमण्यासारखं आहे.

पलटणीची रोजनिशी म्हणजे वॉर डायरी लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहे, डब्ल्यू.ओ. ९५ या मालिकेत. मेसोपोटेमियाच्या बऱ्याच डायऱ्या घरबसल्या उतरवून घेता येतात. फॉर्म ठरलेला : जागा, तारीख, वेळ, घटनेचा गोषवारा. त्यात पणजोबांचं नाव मिळेल ही आशा सोडून बसा. गोरा अधिकारी नावानं येतो, हिंदी अधिकारी कधीकधी, शिपाई ‘आय.ओ.आर. (म्हणजे साधे हिंदी शिपाई) २ ठार, ११ जखमी’ असा. पण पलटणीचा नंबर आणि तारीख हातात असेल तर त्या दिवशी पलटण कुठं होती, पाणी मिळालं का, ऊन किती होतं, तुकडी कधी येऊन मिळाली, हे दिसतं. ‘आय.ई.एफ. डी’ म्हणजे मेसोपोटेमियाची फौज. ‘ए’ फ्रान्स, ‘बी’ आणि ‘सी’ पूर्व आफ्रिका, ‘ई’ इजिप्त, ‘जी’ गॅलिपोली. जुन्या पाकिटावर किंवा पोस्टाच्या शिक्क्यावर हे एक अक्षर सापडलं तरी खंड ठरतो.

शेवटी एक दुर्लक्षित वर्ग. आजारी होऊन घरी परतलेला आणि गावातच मेलेला शिपाई बऱ्याचदा कुठल्याच यादीत नसतो. कमिशनची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ अशी आहे. त्या काळात नोकरीत असताना मेला तर कारण काहीही चालतं. नाव कापल्यावर, म्हणजे फौजेतून सुटल्यावर मेला असेल तर मृत्यू नोकरीतल्या जखमेनं किंवा आजारानं झाला हे दाखवावं लागतं. मृत्यूची तारीख तहसील कचेरीतल्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात मिळू शकते. हे रजिस्टर मोडीत असतं, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्या, आणि १९१८ चं वर्ष असेल तर सावध राहा. त्या वर्षी इन्फ्लुएंझानं मेलेल्यांच्या नोंदी पानंच्या पानं आहेत आणि ‘ताप’ एवढंच कारण लिहिलेलं असतं. नाव, बापाचं नाव आणि वय तिन्ही जुळल्याशिवाय नोंद आपली मानू नका. नोंदीची प्रमाणित नक्कल, तिचं देवनागरी लिप्यंतर व इंग्रजी भाषांतर, पदकाच्या कडेचे फोटो आणि डिस्चार्जचा कागद असेल तर तो, एवढं एकत्र करून कमिशनला पाठवता येतं. डिस्चार्जच्या कागदावर नाव कापण्याचं कारण लिहिलेलं असतं. तिथं ‘वैद्यकीय दृष्ट्या अपात्र’ अशा अर्थाचा शेरा असेल तर प्रकरणाला वजन येतं, आणि तो कागदच नसेल तर पेन्शनबुकातली अपंगत्वाच्या पेन्शनची नोंद जोडा.